खोली कुणाला मिळते?

गेल्या पावसाळ्याच्या आधी मी वांद्र्यात खोली शोधत होतो. जाहिरातीत तिला 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हणतात. आपल्या भाषेत एक खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा आणि दाराआड न्हाणीघर. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. मला एक मोठं टेबल, उत्तरेचा उजेड आणि रात्री दोन वाजता दिवा लावला तरी कुणी विचारणार नाही अशी जागा हवी होती. चॅपेल रोड, वरोडा रोड, रनवार हा भाग त्यासाठी चांगला, असं सगळेच सांगत होते. जुनी ईस्ट इंडियन गावठाणं, लाकडी जिने, क्रूस, जवळच बाजार रोडची मशीद, आणि आता तिथे राहायला आलेले चित्रकार, संगीतवाले, सिनेमावाले. भिंतींवर चित्रं काढलेली. वस्ती अशी मिसळलेली की कुणीच परका वाटू नये.

तीन आठवड्यांत मी नऊ खोल्या पाहिल्या. दोन भाड्यामुळे सुटल्या. दोन ठिकाणी एकटा पुरुष नको होता. एका ठिकाणी मांस शिजवलेलं चालणार नव्हतं, म्हणून मीच निघालो. उरलेल्या चार ठिकाणी सगळं जमलं होतं. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, टेबल कुठे बसेल तेही मी मापून घेतलं. मग करारासाठी नाव विचारलं गेलं.

एजंट स्वतः मुसलमान होता. चौथ्या वेळी तो मला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेला आणि म्हणाला, "भाईजान, आपसे झूठ क्यों बोलूं? मालिक को प्रॉब्लेम नहीं है, सोसायटी को है. सोसायटी को पूछो तो बोलेगी हमको नहीं है, मालिक को है." त्यानं चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. त्या नकारापेक्षा ही गोष्ट मला जास्त लागली.

परत येताना चॅपेल रोडच्या बाजूला एका भिंतीवर मधुबालेचं भलंमोठं चित्र दिसलं. मुमताज जहाँ बेगम देहलवी हे तिचं खरं नाव. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो.

मित्रांना हे सांगितलं की प्रत्येकजण एकच वाक्य म्हणायचा, "पूर्वी मुंबई अशी नव्हती." हिंदू मित्र म्हणाले, मुसलमान मित्रही म्हणाले. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की ते तपासून पाहावंसं वाटलं. पूर्वी म्हणजे कधी? आणि तेव्हा खोली कुणाला मिळायची?

जमातीची खोली

सुरुवात घरापासूनच करतो. आमचं गाव रत्नागिरीच्या खाडीकाठी. माझे मामू जहाजावर खलाशी होते. मुंबईला उतरले की ते डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत राहायचे. कोकणातल्या कितीतरी मुसलमान गावांच्या अशा खोल्या मुंबईत होत्या. एका लांब खोलीत भिंतीला लावलेल्या पेट्या, प्रत्येकाची एक. रात्री पेटीसमोर चटई पसरायची. वर्षाची थोडी वर्गणी भरली की जहाज मिळेपर्यंत राहायची सोय. गावचं पत्र, गावची भांडणं, मयताची खबर, सगळं तिथेच यायचं. मामू सांगायचे, "मुंबईत माझं घर नव्हतं, पण पत्ता होता."

गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे आणि खानसाम्यांचे 'कूड' अगदी असेच. धोबी तलावच्या जेर महालात गावागावांचे क्लब होते. गिरणगावात कोकणच्या हिंदू गावांच्या खोल्या, तिथे पाळीपाळीनं झोपणारे कामगार. पारशांच्या बागा, सारस्वतांच्या आणि इतरांच्या वाड्या. म्हणजे जुनी मुंबई मिसळलेली होती हे खरं, पण ती मिसळण रस्त्यावर, गिरणीत, बाजारात आणि थिएटरात होती. झोपायला माणूस बहुतेक आपल्याच लोकांत जायचा. आमच्या जमातीच्या खोलीत दुसऱ्या गावचा मुसलमानसुद्धा सहजी राहू शकत नसे, मग हिंदूची गोष्टच सोडा. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आणि ज्याच्या पाठीशी अशी खोली नव्हती, त्याचं काय व्हायचं, हे एका माणसानं लिहून ठेवलंय. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हिंदूंच्या उतारूघरात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्यानं ते पारशांच्या धर्मशाळेत गेले, आणि तिथे पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले. सामान काढावं लागलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. शेवटी ते एका सार्वजनिक बागेत बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. एवढा शिकलेला माणूस, हातात सरकारी नोकरी, पण नाव कळताच खोली गेली.

याच आठवणींत त्यांनी १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंगही सांगितलाय. किल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या टाक्यातल्या पाण्यानं आंबेडकरांच्या सोबत्यांनी हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटवलं म्हणून ओरडत आला तो एक म्हातारा मुसलमान होता. भाड्याच्या खोलीबद्दल तक्रार करणाऱ्या माझ्यासारख्यानं हे पान वाचूनच तक्रार करावी.

मुंबईत बाबासाहेब अनेक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले, खोली क्रमांक ५० आणि ५१. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली. तिनं बांधलेल्या या चाळी. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या खोलीचा मालक कुठली जमात नव्हती, की कुणी शेटजी नव्हता. मालक एक सार्वजनिक संस्था होती.

चित्रकारांच्या खोल्या

आता ज्या काळाकडे बोट दाखवून लोक "पूर्वी" म्हणतात, त्या काळाकडे येऊ. साधारण १९३५ ते १९६५.

सआदत हसन मंटो १९३६ साली 'मुसव्विर' साप्ताहिकाच्या कामासाठी मुंबईत आला. सुरुवातीला तो एका गलिच्छ इमारतीतल्या खोलीत राहायचा. आईनं ती खोली पाहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे भायखळ्याला क्लेअर रोडवर अ‍ॅडेल्फी चेंबर्समध्ये त्याचं घर होतं. नागपाडा, भायखळा, फोरास रोड हा सारा भाग त्याच्या कथांत आला, कारण तो तिथे राहत होता. ज्यू, ख्रिस्ती, पारशी, पठाण, मराठी, सगळे त्याला जिन्यात भेटत होते. कथेतली माणसं लेखकाला बहुतेक वेळा शेजारीच सापडतात. १९४८ च्या जानेवारीत तो लाहोरला गेला आणि मरेपर्यंत मुंबईची आठवण काढत राहिला.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. इंदूरहून मुंबईत आले तेव्हा त्यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं. ग्रँट रोडजवळच्या बदरबागेत एका खोलीत त्यांचा संसार. मुलांची खेळणी आणि फर्निचर बनवण्याचंही काम त्यांनी केलं. खोली एवढीशी की कॅनव्हास उभा करायला जागा नाही.

१९४७ साली सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू केला. गोव्याच्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा, मध्य प्रांतातल्या जंगलगावात वाढलेला सय्यद हैदर रझा, पंढरपूरचा हुसेन, अमरावतीकडचा हरी अंबादास गाडे, बडोद्यात जन्मलेला सदानंद बाकरे, आणि हैदराबादेजवळून मुंबईत आलेला कृष्णाजी हौळाजी आरा, ज्यानं लोकांच्या मोटारी धुवून दिवस काढले होते. यांची चित्रं विकत घेणारे, त्यांना युरोपची पुस्तकं दाखवणारे रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर हे स्वतः हिटलरच्या युरोपातून निघून मुंबईत आसऱ्याला आलेले. भारतीय आधुनिक चित्रकलेचा पाया ज्यांनी घातला, त्यांतले बरेचसे या शहरात भाडेकरू होते.

पण हे वर्ष १९४७ होतं, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी तय्यब मेहता महंमद अली रोडवरच्या लेहरी हाऊसमध्ये होते. घराच्या खिडकीतून त्यांनी खाली रस्त्यावर जमावानं एका माणसाला ठार मारताना पाहिलं. ते दृश्य त्यांच्या मनातून आयुष्यभर गेलं नाही. त्यांच्या चित्रांत कोसळणारी, बांधलेली, पडणारी शरीरं दिसतात, त्यांच्या मुळाशी ही खिडकी आहे असं ते स्वतः सांगत. तेव्हा "पूर्वी सगळं गोड होतं" ही गोष्ट मी लिहिणार नाही. त्याच शहरात, त्याच महिन्यांत खोलीही मिळत होती आणि सुराही चालत होता.

तरीही एक जागा अशी होती की तिच्याबद्दल वाचताना हेवा वाटतो. वॉर्डन रोडवर समुद्राकडे तोंड करून भुलाभाई देसाईंचा बंगला होता. आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांचा लाल किल्ल्यातला खटला लढवणारे हे वकील १९४६ साली वारले. पुढे त्यांच्या सूनबाई मधुरीबेन यांनी हा बंगला कलावंतांसाठी खुला केला. भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट म्हणून तो ओळखला जाऊ लागला. सोली बाटलीवाला हे पारशी गृहस्थ तिथला कारभार पाहत. बंगल्याच्या खोल्यांचे छोटे स्टुडिओ केले होते. भाडं नाममात्र, दिवसाला रुपया होता असं सांगतात.

त्या खोल्यांत कोण होतं? हुसेन होते. गिरगावच्या चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडे होते. प्रफुल्ला डहाणूकर होत्या. शिल्पकार पिलू पोचखानवाला होत्या. कराचीत जन्मलेली, लंडनला शिकून आलेली तरुण नसरीन मोहमदी होती, जी पुढे कागदावर पेन्सिलीच्या आणि शाईच्या रेषा अशा ओढायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पुण्यात जन्मलेल्या, अरबी घरातल्या इब्राहिम अल्काझींचं थिएटर युनिट तिथे तालमी करायचं. विजया मेहतांच्या 'रंगायन'नं तिथेच पाय रोवले. रविशंकरांची 'किन्नर' ही संगीतशाळा तिथे होती. एका खोलीत सतार, दुसरीत मराठी नाटक, तिसरीत तैलरंगाचा वास. मराठी प्रायोगिक नाटकाचा इतिहास आणि भारतीय अमूर्त चित्रकलेचा इतिहास एकाच जिन्यानं चढत-उतरत होता.

मी खोली शोधत होतो तेव्हा मला नेमकं हेच हवं होतं. उजेड, टेबल आणि शेजारी कुणीतरी दुसरं काहीतरी करणारा.

तो बंगला आज नाही. तिथे उंच इमारत आहे. अल्काझी १९६२ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय चालवायला दिल्लीला गेले. गायतोंडेही दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमधल्या एका भाड्याच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, त्यांनी कितीतरी वर्षं चित्रं काढली. नसरीन १९९० साली अलिबागजवळ किहीमला वारली. हुसेन २०११ साली लंडनमध्ये, देशाबाहेर वारले.

काढण्याविरुद्ध कायदा, घेण्याविषयी नाही

हे सगळे लोक मुंबईत टिकले कसे, याचं एक रुक्ष उत्तर कायद्यात आहे. महायुद्धात शहरात माणसांचे लोंढे आले, घरं कमी पडली, मालक भाडी वाढवू लागले. १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, ते प्रमाण भाडं धरलं गेलं. मालकाला वाटलं म्हणून भाडेकरूला काढता येईना. गिरणी कामगार, कारकून, शाहीर, चित्रकार, सगळ्यांना या कायद्यानं छप्पर दिलं. भाड्याची काळजी नसली की माणूस न विकली जाणारी चित्रं काढू शकतो.

पण गोठलेल्या भाड्यात मालकाला रस उरला नाही. नव्या भाड्याच्या इमारती बांधणं बंद झालं, जुन्या पडू लागल्या. हाताखालून पागडी घेतली जाऊ लागली. ती कायदेशीर व्हायला १९९९ चा कायदा यावा लागला. दरम्यान 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट निघाली. १९७३ साली सरकारनं त्या वेळी राहत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानं मालक आणखीच घाबरले आणि अकरा महिन्यांचा करार रूढ झाला. आज मी ज्या कागदावर सही करतो तो याच भीतीतून आलेला आहे.

दुसरीकडे मालकीच्या फ्लॅटचा काळ सुरू झाला. १९६० चा सहकारी संस्था कायदा, १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा. भाड्याच्या चाळीत एक मालक असायचा, आणि त्याला भाड्याशी मतलब. सोसायटीत पन्नास मालक आणि एक कमिटी. एक मालक कदाचित हो म्हणेल, कमिटी म्हणताना सगळ्यात घाबरट माणसाचं मत चालतं. ९२-९३ च्या दंगलीनंतर हे आणखी पक्कं झालं. मिसळलेल्या इमारतींतून माणसं आपापल्या लोकांत निघून गेली. मुंब्रा, मीरा रोडचं नया नगर अशी भरली. जे गेले त्यांतल्या कितीतरी जणांना जायचं नव्हतं.

२००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सहकारी सोसायटी आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. राज्यघटनेचं अनुच्छेद १५ मी पुन्हा काढून वाचलं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इथे धर्म, जात पाहून कुणाला अडवता येणार नाही, असं त्यात साफ लिहिलंय. त्या यादीत भाड्याची खोली नाही.

इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. भाडेकरूला खोलीतून काढण्याविरुद्ध आपण कायदा केला, आणि तो शहराला पन्नास वर्षं पुरला. भाडेकरूला खोलीत घेताना त्याचं नाव पाहू नये, हे मात्र कुणी कधीच लिहिलं नाही. ते आपण माणसांच्या चांगुलपणावर सोडलं. मधुरीबेन चांगल्या होत्या म्हणून भुलाभाई इन्स्टिट्यूट होती. बंगला गेला, जागा गेली. चांगुलपणाचा वारसा सातबाऱ्यावर चढत नाही.

म्हणून "पूर्वी मुंबई अशी नव्हती" हे वाक्य मला आता अर्धंच खरं वाटतं. पूर्वीही नाव विचारलं जायचं. फक्त तेव्हा अधल्यामधल्या जागा पुष्कळ होत्या. ट्रस्टच्या चाळी, भाड्यापुरतं बघणारे मालक, एखादा उघडा बंगला. त्या जागांतून जे निघालं त्यालाच आपण आज मुंबईची संस्कृती म्हणतो. त्या जागा कमी झाल्या आणि नाव विचारणं तेवढं उरलं.

आपल्या लोकांनाही एक सांगावंसं वाटतं. आपल्या मोहल्ल्यांतल्या इमारतींत किती जण दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या फिरक्याच्या, किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला खोली देतात? मी एका नातेवाइकाला हे विचारलं. ते म्हणाले, "आमची गोष्ट वेगळी आहे, आम्हाला माहोल सांभाळावा लागतो." वांद्र्याच्या सोसायटीनंही हेच सांगितलं होतं, फक्त शब्द इंग्रजी होते.

मला शेवटी खोली मिळाली. रनवारच्या मागे एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. मालकीण सत्तरीच्या ईस्ट इंडियन आंटी. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी सकाळी सहाला येतं, उठशील ना रे?" मी हो म्हणालो. टेबल खिडकीशी बसलं.

पण मी त्यांचे आभार मानत बसलो नाही, आणि ही गोष्ट इथे गोड करून संपवणारही नाही. घर पुनर्विकासात जायचं चाललंय. आंटींची मुलं कॅनडात आहेत. करार अकरा महिन्यांचा आहे, त्यातले सात संपले. बाराव्या महिन्यात मला पुन्हा कुणाला तरी नाव सांगायचंय. तेव्हा समोरच्यानं चांगलं असावं, ही दुआ मी करेनच. पण ते चांगलं नसलं तरी खोली मिळावी, असं काहीतरी कागदावर असायला हवं. मामूंच्या काळी जमातीची खोली होती. माझ्या भाच्यांच्या काळी तरी गावाचं, जमातीचं नाव न विचारता पत्ता मिळावा.